चार हजार ओळींची सीएसएस फाइल आवरायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: एका शिकवणी क्लासची वेबसाइट सांभाळायला आली आहे. नौपाडा, ऐरोली आणि वाशी अशा तीन शाखांची पानं, सीएसएसची (पानांचं रूप ठरवणाऱ्या नियमांची) एकच चार हजार ओळींची फाइल. एका शाखेचं बटण बदललं की दुसरीकडचं बिघडतं. फाइलचे तुकडे करावेत का?

एवढ्यात नको. तुकडे केल्याने कोणता नियम कोणावर मात करतो हे बदलत नाही, फक्त शोधायच्या जागा वाढतात.

आधी बिघडलेल्या बटणावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. तुमचा नियम खोडलेला दिसेल आणि जिंकलेला नियम त्याच्या वर असेल. तो बहुधा असा असतो: मुख्य आयडी (एकाच घटकाचं नाव), आत कार्ड क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव), आत बटण क्लास. त्याचं वजन (आयडी-क्लास-टॅग या क्रमाने मोजलेलं) १-२-०, तुमच्या एकट्या बटण क्लासचं ०-१-०. आयडीपुढे दहा क्लास लावले तरी हरतात, म्हणून लोक वैतागून इम्पॉर्टंट (!important, नियमाला सक्तीने जिंकवणारी खूण) लावत सुटतात.

यावर खरा उपाय कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर; नंतरचा थर आधीच्यावर मात करतो, वजन काहीही असो. २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत चालतात. नवी फाइल करा, पहिल्याच ओळीत ॲट-लेयरने (@layer) क्रम सांगा: जुनं, पाया, घटक, पान. लगेच खाली ॲट-इम्पोर्टने (@import) अख्खी जुनी फाइल 'जुनं' लेयरमध्ये घ्या. आता 'घटक'मधला साधा क्लासही जुन्यातल्या आयडीला हरवतो. एकेक घटक नव्याने लिहा आणि त्याचे जुने नियम त्याच दिवशी काढून टाका. उद्यावर टाकलेले नियम फाइलीतच राहतात.

दोन गोष्टी इथे हमखास नडतात. इम्पॉर्टंट असेल तर लेयरचा क्रम उलटतो, म्हणजे जुन्यातला इम्पॉर्टंट नव्याला हरवतो. त्या घटकापुरते ते आधी काढा. दुसरं, लेयरबाहेरचे साधे नियम सगळ्या लेयरवर मात करतात. स्लायडरसारख्या प्लगइनची सीएसएस वेगळी लोड होत असेल तर तीही लेयरमध्येच आणा.

शाखांसाठी बटणाच्या तीन प्रती ठेवू नका. बटण एकच, रंग कस्टम प्रॉपर्टीतून (आपण नाव देऊन साठवलेल्या किमतीतून), आणि ती प्रॉपर्टी प्रत्येक शाखेच्या बॉडी क्लासवर (पानाच्या बॉडी टॅगला दिलेल्या क्लासवर) ठरवा.

न वापरलेले नियम शोधायला क्रोमची कव्हरेज टॅब आहे, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. होव्हरचे (माउस वर नेल्यावर लागू होणारे), न उघडलेल्या मेन्यूचे, प्रिंटचे नियमही ती न वापरलेले दाखवते.

मराठी शीर्षकांना लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते. लाइन-हाइट १.५च्या आसपास ठेवा. ती १ असली आणि ओव्हरफ्लो हिडन असला की वेलांटी आणि रफार कापले जातात.