दिसलं की वाटलं?

सर माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आले ते वही घेऊनच. शंभर पानी, वर तपकिरी कव्हर घातलेली. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, राहायला पुण्यात, धायरीला. (ही हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "मॅडम, मुलगा हाताबाहेर गेलाय. तीन वर्षं एमपीएससीच्या नावाखाली नुसता वेळ काढतोय. मी हवेत बोलत नाही, पुरावे आहेत."

वहीत तारीखवार नोंदी होत्या. मी वाचून दाखवायला सांगितलं.

‘सोमवार. रात्री ११ ला आला, एक शब्द न बोलता खोलीत गेला. बेफिकीर.’ ‘बुधवार. मी खोलीत गेल्याबरोबर मोबाइल उलटा ठेवला. लपवाछपवी.’ ‘शुक्रवार. नवी पेठेत काम होतं. सकाळी ११ वाजता अमृततुल्यपाशी चौघांबरोबर हसत उभा. दिवसभर हेच चालतं.’

नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बरेच येतात. "अभ्यास करतो की नाही कुणास ठाऊक" ही काळजी मला पाठ झाली आहे. पण इतक्या शिस्तीत लिहिलेली काळजी मी प्रथमच पाहत होते.

मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, "सर, भिंतीवर कॅमेरा असता तर त्यात जे उमटलं असतं तेवढ्याखालीच रेघ मारा." त्यांनी ‘रात्री ११ ला आला’ खाली रेघ मारली, ‘खोलीत गेला’ खाली मारली आणि त्याच झपाट्यात ‘बेफिकीर’खालीही मारली.

"बेफिकिरी कॅमेऱ्यात कशी येईल?"

"अहो, दिसतेच की ती! चालण्यातसुद्धा दिसते."

आपली भाषा खरं तर इथे मदतीला येते. दिसलं, ऐकलं, वाटलं ही तीन क्रियापदं आपण लहानपणापासून वेगवेगळी वापरतो. माणूस जवळचा असला की मात्र ‘वाटलं’ कधी ‘दिसलं’ होऊन बसतं ते कळतही नाही. मनात विचार इतक्या झटकन उमटतो की तो आपला विचार आहे हेच ध्यानात येत नाही. नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात अशा आपोआप येणाऱ्या विचारांकडे लक्ष वेधलं, आणि आम्ही समुपदेशक आजही त्यावर काम करतो.

सरांना मी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. तथ्य म्हणजे खरं आणि मत म्हणजे खोटं, असं नाही. ‘तो ११ ला आला’ हे विधान चुकीचंही असू शकतं, घड्याळ पुढे असेल; पण ते तपासता येतं. ‘तो बेफिकीर आहे’ हे मत बरोबरही निघू शकतं. पण ते घड्याळ पाहून ठरत नाही, त्यासाठी आणखी बरंच काही बघावं लागतं. सरांना हे पटलं. वही मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

दुसऱ्या भेटीला ते वीस मिनिटं उशिरा आले. "सिंहगड रस्ता! काय सांगायचं!" मी एवढंच विचारलं, की मुलाला उशीर झाला त्या सोमवारी त्याच रस्त्याचा विचार मनात आला होता का? ते गप्प झाले. आपल्या उशिराला रस्ता कारण आणि दुसऱ्याच्या उशिराला त्याचा स्वभाव कारण, ही सवय जवळपास सगळ्यांचीच. त्यातल्या दुसऱ्या भागाला, म्हणजे परिस्थिती न बघता दुसऱ्याच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याला, ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण दोष’ या अर्थाचं नाव दिलं.

मग मी गणिताच्या माणसाला गणितच घातलं. "२, ४, ६. हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा."

"८, १०, १२." हो. "२०, २२, २४." हो. "१०६, १०८, ११०." हो.

"दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या," त्यांनी ठामपणे सांगितलं.

"चूक. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा, एवढाच नियम. १, ७, ५० लाही मी हो म्हटलं असतं."

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा हा १९६० मधला प्रयोग. त्यातही बहुतेकांचं पहिलं उत्तर चुकलं होतं, कारण आपला अंदाज खोटा ठरेल असे आकडे त्यांनी पुरेसे विचारलेच नाहीत. सर बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे यात मी ‘हो’ येणारेच दिवस लिहिलेत." नंतर त्यांनीच सांगितलं, की पहाटे पाचला मुलाच्या खोलीतला दिवा कितीदा तरी दिसला होता, तो वहीत एकदाही नाही.

माझीही एक चूक इथे नोंदवायला हवी. पहिल्या भेटीनंतर त्यांच्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं: ‘वडील हुकूमशाही वृत्तीचे.’ कॅमेऱ्यात न येणारं वाक्य, तेही तासाभराच्या ओळखीवर. माझं स्वतःचं बालपण कडक शिस्तीच्या घरात गेलं, आणि सरांचा करडा आवाज ऐकताच मी मनाने मुलाच्या बाजूला जाऊन बसले होते. ते वाक्य मी खोडलं. मुलाला भेटायच्या आधी ते खोडणं गरजेचं होतं.

मुलगा आला, आणि सरांचं एक मत बरोबर निघालं: तो खरंच काहीतरी लपवत होता. दोन महिने त्याचं अभ्यासात मन लागत नव्हतं. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या तयारीत आधीची वर्षं गेली, आणि २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, हाताने उत्तरं लिहायची. "नव्याने सुरुवात करायची ताकदच उरली नाही," तो म्हणाला. मोबाइल उलटा ठेवत होता, कारण त्यावर नोकरीच्या जाहिराती उघडलेल्या असायच्या.

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी मला केव्हाच सोडून दिलंय. मी घरात पाऊल टाकलं की ते टीव्ही बंद करतात आणि उठून जातात. तोंड बघायची इच्छा नाही त्यांना."

तिसऱ्या भेटीत दोघे समोरासमोर होते. मी मुलाला हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. सरांचा चेहरा उतरला. "अरे, तू अभ्यासाला बसशील, आवाजाचा त्रास नको म्हणून बंद करतो मी. तीन वर्षं रात्रीच्या बातम्या अर्ध्याच बघतोय." मुलगा खाली बघत राहिला. मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. पुढची काही मिनिटं कुणीच बोललं नाही, आणि मीही बोलायची घाई केली नाही.

सगळं त्या दिवशी सुटलं नाही. परीक्षा सोडायची की आणखी एक प्रयत्न करायचा, यावरून त्यांचं घरी चांगलंच वाजलं. नोकरीचं वय निघून चाललंय हे सरांचं मत कायम आहे आणि ते मांडायचा त्यांना अधिकार आहे. फक्त आता ते मत म्हणून मांडतात.

गेल्या आठवड्यात सर वही घेऊन आले. आता पानावर तीन रकाने आहेत: ‘दिसलं’, ‘वाटलं’ आणि तिसरा त्यांनी स्वतः आखलेला, ‘विचारलं का?’. शनिवारची नोंद त्यांनी मला वाचून दाखवली. दिसलं: पोहे अर्धे टाकून उठला. वाटलं: कालच्या बोलण्याचा राग आहे. विचारलं का: हो. अक्कलदाढ दुखतेय.

मंगळवारी त्याला दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून पुढची भेट त्यांनी गुरुवारवर ढकलून घेतली.