अंदाज पेनने लिही

फोंडा, गोवा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी वाचनवही पाहिली. शाळेने दिलेल्या रहस्य कादंबरीवर तू चार पानं लिहिली आहेस. त्यातली साडेतीन 'मग काय झालं' यात गेली आणि उरलेल्या अर्ध्यात 'उत्कंठावर्धक', 'खिळवून ठेवणारी' आणि 'धक्कादायक शेवट' एवढंच आहे. 'प्रतिक्रिया कुठे आहे?' हा टीचरचा शेरा बरोबर आहे. पण तुला लिहिता येत नाही असा त्याचा अर्थ घेऊ नकोस. तू पुस्तक संपवून मग लिहायला बसलीस, आणि रहस्यकथेच्या बाबतीत तोपर्यंत उशीर झालेला असतो.

गुन्हेगाराचं नाव कळलं की आधीचे सगळे अंदाज मनातून पुसले जातात. दुसऱ्या दिवशी 'मला त्याचा संशय होताच' असं अगदी प्रामाणिकपणे वाटू लागतं. आठवण शेवटाच्या बाजूने झुकते. म्हणून या प्रकारच्या पुस्तकाची प्रतिक्रिया वाचता वाचताच टिपावी लागते, तीही पेनने. पेन्सिलीने लिहिलेला चुकीचा अंदाज नंतर खोडायचा मोह होतो, आणि तोच तर तुझ्या लेखाचा कच्चा माल असतो.

वहीचं डावं पान पुस्तकासाठी ठेव, उजवं तुझ्यासाठी. डाव्या पानावर पृष्ठक्रमांक आणि घडलेली गोष्ट, एका ओळीत. उजव्या पानावर त्याच उंचीला तुला काय वाटलं ते. एका बैठकीला सहा-सात नोंदी पुरेत. वीस-पंचवीस झाल्या तर वाचनाची लय तुटते आणि तू कादंबरी वाचायची सोडून हिशेब लिहीत बसशील. डाव्या पानावर 'नोकराणी घाबरली होती' असं लिहू नकोस. 'नोकराणीच्या हातातला ट्रे हलत होता' असं लिही. घाबरली हा तुझा निष्कर्ष आहे, तो उजवीकडे. ती कदाचित आजारी असेल, कदाचित नाटक करत असेल. निम्म्या रहस्यकथा वाचकाच्या याच घाईवर उभ्या असतात.

वाचताना तीनदा थांब. पुस्तक २४० पानांचं असेल तर साधारण ६०व्या पानाशी, १२०व्या पानाशी, आणि तिसऱ्यांदा गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत बोलावतो त्याच्या आधी. हा प्रसंग बहुतेक वेळा शेवटच्या तीस-चाळीस पानांत येतो. 'आता मला सगळं समजलं' असं गुप्तहेर म्हणाला की पुस्तक मीट. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं घेऊन एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिही: संशय कोणावर, कोणत्या पानांमुळे, दहापैकी किती खात्री, आणि कोणती गोष्ट तुझ्या अंदाजात बसत नाही. चिठ्ठीची घडी घालून ती वहीत चिकटव आणि पुस्तक संपेपर्यंत उघडू नकोस. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मुलं नेमकी तीच गाळतात. न बसणारी गोष्ट लिहून ठेवली नाही तर मन ती गुपचूप विसरून जातं.

पात्रांची यादीही पहिल्याच दिवशी कर. अशा कादंबरीत आठ ते बारा माणसं असतात. नाव, मृताशी नातं, घटनेच्या वेळी कुठे असल्याचं सांगतो, आणि ते खरं म्हणणारं दुसरं कोण, एवढं पुरे. इंग्रजी पुस्तकात एकाच माणसाला बायको पहिल्या नावाने हाक मारते, नोकर आडनावाने आणि मित्र लाडक्या नावाने. आपल्याला ही तीन माणसं वाटतात, आणि चाळिसाव्या पानापर्यंत गोंधळ इतका वाढतो की मुलं पुस्तक सोडून देतात. तिन्ही नावं एकाच ओळीत लिही.

आता धागा, म्हणजे खुन्यापर्यंत नेणारी खूण, आणि चकवा यांबद्दल. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. रहस्यकथेतला चकवाही तसाच, तो वाट अडवत नाही, दुसऱ्या वाटेने चालवतो. खरा धागा बहुधा तीन ठिकाणी लपवलेला असतो. एक, लांबलचक यादीच्या मधोमध: टेबलावर चष्मा, पत्र, विझलेली मेणबत्ती, औषधाची बाटली. आपल्याला पहिली आणि शेवटची वस्तू आठवते. दुसरं ठिकाण म्हणजे दचकवणाऱ्या वाक्याच्या अगदी आधी. पुढच्याच ओळीत किंकाळी आली की मागची ओळ कोण लक्षात ठेवतो! आणि तिसरं, ज्याला कोणी गंभीरपणे घेत नाही अशा पात्राच्या बडबडीत. चकवा मात्र उजेडात ठेवलेला असतो, दोन-तीन वेळा दाखवला जातो. एखादी वस्तू लेखक तुला पुन्हा पुन्हा दाखवत असेल तर उजव्या पानावर लिही: हे मला का दाखवताहेत?

एक उदाहरण घे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत तबेल्यावर पहारा करणाऱ्या पोराच्या जेवणात अफूची पूड मिसळलेली असते. जेवण काय होतं? मटण करी. घाईचा वाचक अफूवर थांबतो आणि ती कोणी आणली ते शोधू लागतो. आपल्या घरात मसाला वाटला जातो, त्यामुळे तुला पुढचा प्रश्न सुचायला हवा: साध्या उकडलेल्या जेवणात अफूची चव लपली असती का? नसती. मग त्या रात्री करी करायची हे ठरवलं कोणी? बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात ती गोष्ट होती का? यापुढचं सांगत नाही, कथा छोटी आहे, एका बैठकीत होईल. 'स्वयंपाकघरातल्या माहितीने मला हा प्रश्न सुचला' असं लिहिणं म्हणजे प्रतिक्रिया. 'लेखकाने अफूचा कौशल्याने वापर केला आहे' ही प्रतिक्रिया नव्हे. ते वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येतं.

तुला पुस्तक इंग्रजीत वाचून प्रतिक्रिया मराठीत लिहायची आहे, याची अडचण वाटते म्हणतेस. मला तर यातच तुझा सगळ्यात मोठा फायदा दिसतो. इंग्रजी क्रियापद स्त्री-पुरुष सांगत नाही. 'समवन केम इन' म्हटलं की कोण आलं ते लेखक शेवटपर्यंत लपवू शकतो. मराठीत 'आला' की 'आली' हे ठरवावंच लागतं. तुझ्या वहीत तू 'खुनी मागच्या दाराने आत आला' असं लिहिलंस आणि तिथेच निम्मे संशयित सोडून दिलेस, तेही नकळत. 'कोणीतरी आलं' किंवा 'खून करणारी व्यक्ती आली' असं लिही. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी तो पुरुषालाही चालतो, त्यामुळे गुपित राहतं. गोष्ट सांगणाराच 'मी' असेल तर पंचाईत आणखी मोठी: मी गेलो की मी गेले?

नात्यांचंही तसंच. इंग्रजीतला 'अंकल' आपल्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान की मावशीचे यजमान? 'कझिन' म्हणजे चुलत, मामे, आते की मावस? वारशावरून खून झाला असेल तर हा फरक फार मोठा आहे, कारण मालमत्ता कोणाकडून कोणाकडे जाते ते त्यावर ठरतं. पुस्तकात नातं उघडं केलेलं नसेल तर तू अंदाजाने 'मामा' लिहू नकोस. 'नात्यातला वडीलधारा माणूस' लिही, आणि उजव्या पानावर नोंद कर की इथे नातं झाकलेलं आहे. मराठी अनुवाद वाचत असशील तर अनुवादकाचं नाव वहीत लिही आणि 'तू', 'तुम्ही' यांवर लक्ष ठेव. मालक आणि सेक्रेटरी चारचौघांत 'तुम्ही' म्हणतात आणि एकांतात 'तू' म्हणतात, हा इंग्रजीत नसलेला फरक अनुवादकाने केलेला असतो. त्यामुळे तुझा संशय वाढला की उगाच भरकटला, यावर एक चांगला परिच्छेद होईल.

हेतू तपासताना पुस्तकातलं घर उचलून गोव्यात आणून बघ. जुन्या इंग्रजी कथांत म्हातारा जमीनदार रागाच्या भरात मृत्युपत्र बदलतो, मुलाला एक पैही ठेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खून होतो. हीच गोष्ट मडगावच्या एखाद्या बाल्कांववाल्या, म्हणजे दारापुढे बसायचा ओटा असलेल्या, घरात घडली असती तर? आपल्याकडचा वारसा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. मुलं असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा निम्माच हिस्सा हव्या त्या माणसाला देता येतो. उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव असतो, काही ठरावीक गंभीर कारणं सोडली तर. शिवाय लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, म्हणजे आधी अर्धी बायकोची. तेव्हा मुलाला साफ वगळण्याची धमकी इथे तशी चालत नाही आणि खुनाचा हेतू लंगडा पडतो. मरणारा बाप नसून काका असेल आणि त्याला मूलबाळ नसेल तर हिशेब वेगळा, आणि मरणारे श्रीमंत काका इतक्या कथांत निपुत्रिक का असतात, हा प्रश्नही तुला त्यातून सुचेल. घरात आजोबांना विचार, वाटण्यांबद्दल त्यांना पुष्कळ माहीत असतं.

काय टाळायचं तेही सांगते. पुस्तकाचं नाव फोनवर शोधू नकोस. नाव अर्धं टाइप केलं की खाली येणाऱ्या सूचनांतच कधी कधी खुन्याचं नाव असतं. चित्रपट आधी बघू नकोस. ओळखीचा मोठा नट छोट्या भूमिकेत दिसला की उत्तर फुटतं. शेवटचं पान वाचून झालंच असेल तर ते लपवू नकोस, 'शेवट माहीत असताना वाचलं' असं वर लिही. मग तुझ्या नोंदी वेगळ्या होतील, लेखक कुठे कुठे लपवतोय ते दिसेल. तोही वाचनाचा एक खरा प्रकार आहे.

पुस्तक संपलं की लगेच लिहू नकोस. आधी तिन्ही चिठ्ठ्या उघड. मग पहिलं प्रकरण आणि खुणा केलेली पानं पुन्हा वाच, चाळीस-पन्नास मिनिटांचं काम आहे. आता एकच बघायचं: लेखक खोटं बोलला का, की खरं बोलून तुला भलतीकडे नेलं? रोनाल्ड नॉक्स या ख्रिस्ती धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहायचा, १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियम मांडले होते. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही ताबडतोब दाखवला पाहिजे, हा त्यातला एक. जुळी भावंडं आधी सूचना दिल्याशिवाय आणू नयेत आणि एकापेक्षा जास्त गुप्त खोली किंवा भुयार नको, हे आणखी दोन. या मापाने तुझं पुस्तक मोजून बघ. न दाखवलेल्या पुराव्यावर गुप्तहेराने खुनी पकडला असेल तर तुझा राग रास्त आहे, पान दाखवून लिही. पण नियम मोडूनही कथा जमली असेल तर तेही लिही. नियम पाळले एवढ्यावरून पुस्तक चांगलं ठरत नाही.

चारशे शब्दांच्या प्रतिक्रियेत कथानकाला साठ-सत्तर शब्द दे: जागा, मृत व्यक्ती, कोडं. बाकीचं सगळं तुझ्या अंदाजाच्या प्रवासाला. 'कादंबरी खूप उत्कंठावर्धक आहे' याऐवजी असं वाक्य येऊ दे: 'पान ७४ वर नोकराणीने दिवा विझलेला होता असं सांगितलं, पण पुढच्याच ओळीत रक्ताचा डाग आला आणि मी दिवा विसरले, १२० पानाशी माझी खात्री दहापैकी आठ होती, आणि ती चुकीच्या माणसावर होती.' यात तू दिसतेस आणि पुस्तकही दिसतं. वर्गात सगळे तेच पुस्तक वाचत असतील तर खुन्याचं नाव मुख्य लेखात नको. शेवटाबद्दलचा परिच्छेद वेगळ्या कागदावर लिहून घडी घालून जोड.

आणखी एक, हे तू वहीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतंस: मेलेल्या बाईबद्दल तिसऱ्या प्रकरणानंतर कोणाला वाईटच वाटत नाही. हे मागे का टाकलंस? चार पानांतलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. कोड्यासाठी माणूस मारला की तो कोड्याचा तुकडा होऊन बसतो, ही या प्रकारच्या लेखनाची खरी अडचण आहे. मोजून बघ: तिच्यासाठी रडणारं पुस्तकात कोण आहे, किती ओळी? आणि संशय आधी कोणावर जातो, नोकरांवर, परक्यांवर की घरच्यांवर? यावरून लेखकाचा काळ कळतो. या एका निरीक्षणावर पूर्ण परिच्छेद लिही.

पुढचं पुस्तक निवडताना पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची ही संस्था आहे. तिथे मराठी रहस्यकथाही माग, नुसत्या अनुवादांवर थांबू नकोस. पहिल्यांदा दीडशे-दोनशे पानांचंच घे, रोज वीस पानं धरली तर दहा दिवसांत होतं आणि नोंदींना वेळ उरतो.

नवा मसुदा पाठवशील तेव्हा वहीही सोबत दे, चिठ्ठ्या चिकटवलेल्या तशाच. चुकलेल्या अंदाजावर काट मारू नकोस, मला तेच आधी वाचायचे आहेत.

तुझी शुभचिंतक