कोठ्याच्या भिंतीवरच्या रेघा

समुपदेशनाच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी मला विचारले तर मी लगेच सांगेन : ‘ठरवतो, पण टिकत नाही.’ कोणाचे पहाटे फिरायला जाणे टिकत नाही, कोणाचे साखरेचे पथ्य, कोणाचा अभ्यास, कोणाची सुटलेली दारू. या वाक्याच्या मागोमाग, नजर खाली घालून, दुसरे वाक्य येते की ‘माझ्यातच काहीतरी खोट असेल.’ या दुसऱ्या वाक्याचे उत्तर म्हणून मी एका शेतकऱ्याची हकीकत सांगणार आहे. ती सांगायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील मी बदलले आहेत.

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या पलीकडे कपाशी, तूर आणि सोयाबीनची जी गावे आहेत, त्यांपैकी एका गावचे हे भाऊ. वय ४४, पाच एकर कोरडवाहू शेती. जानेवारीत, कापसाचा शेवटचा वेचा राहिला असताना, ते पत्नीबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मी तिथे आठवड्यातून दोन दिवस बसते. दंतचिकित्सकांची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती आणि त्याच खिशात, पन्नीत गुंडाळलेली, खर्ऱ्याची पुडीही होती. तोंड किती उघडते हे पाहण्याची साधी रीत म्हणजे बोटे उभी धरून दातांच्या मध्ये घालायची. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे जातात. भाऊंच्या तोंडात दोनच जात होती, तीही ओढूनताणून. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ झाली होती, आणि तिखटाचा कण लागला तरी आग होत होती. ज्या घरात ठेच्याशिवाय जेवण होत नाही, तिथे हा माणूस वर्षभरापासून वरणभात कालवून गिळत होता.

खर्रा म्हणजे काय हे विदर्भात सांगावे लागत नाही. बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात आणि लोक ती पुडी दिवसभर पुरवून खातात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण डोळ्यांदेखत घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्याला लोक अजूनही गुटख्यापेक्षा ‘साधा’ समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एकट्या सुपारीलाही २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, त्यामुळे तंबाखू काढून नुसती सुपारी चघळली तर चालेल, हा समजही खरा नाही. भाऊंच्या तोंडाला जे झाले होते, त्याचे मुख्य कारण सुपारीच असते. काही रुग्णांत पुढे त्याचा कर्करोग होतो. आतली ताठ झालेली कातडी पूर्वीसारखी होईलच असे सांगता येत नाही, मात्र खाणे थांबवले तर बिघाड पुढे सरकण्याचा धोका कमी होतो, आणि म्हणून कोणताही उपचार असो, पहिली अट तीच असते.

हे सगळे त्यांना दंतचिकित्सकांनी सांगितले होते. भाऊ म्हणाले, ‘‘मॅडम, समजत नाही असं नाही. सोडाचं लय मन आहे, पन जमूनच नाही राहिलं.’’ त्यांनी तीनदा सोडला होता. एकदा गुढीपाडव्याला, एकदा महाशिवरात्रीला आणि एकदा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. वहिनी मध्येच म्हणाल्या, ‘‘पोरीची शपथ मोडली यायनं. याच्या पुढं काय सांगा?’’ भाऊ काही बोलले नाहीत.

त्या दिवशी मी एक चूक केली आणि ती इथे सांगणे मला आवश्यक वाटते. मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला. वीस रुपयांच्या चार पुड्या म्हणजे दिवसाचे ८० रुपये, वर्षाचे २९,२०० रुपये. भाऊंनीच त्याचा कापूस केला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, त्या भावाने ही रक्कम म्हणजे जवळजवळ चार क्विंटल. ते हळूच म्हणाले, ‘‘म्हंजे एका एकराचा वेचा मी थुकून राहिलो.’’ मला वाटले, बाण बरोबर लागला. पुढच्या भेटीत कळले की त्या दिवशी घरी जाताना फाट्यावरच्या पानठेल्यावर त्यांनी नेहमीपेक्षा एक पुडी जास्त घेतली होती. आधीच लाजेने वाकलेल्या माणसावर आपण आणखी लाज टाकतो आणि ती सहन व्हावी म्हणून तो त्याच गोष्टीचा आधार शोधतो ज्याची त्याला लाज वाटते. हिशेब खोटा नव्हता; तो पहिल्याच भेटीत मांडायचा नव्हता.

दुसऱ्या भेटीत मी शपथांविषयी एकच प्रश्न विचारला : प्रत्येक वेळी कितव्या दिवशी मोडली? पाडव्याची तिसऱ्या दिवशी, शिवरात्रीची तिसऱ्या दिवशी, पोरीची चौथ्या दिवशी सकाळी. निकोटिनची सवय झालेल्या शरीराला ते मिळेनासे झाले की पहिले दोन-तीन दिवस त्रास सर्वांत जास्त असतो. चिडचिड, डोके जड, झोप उडणे, कशात लक्ष नाही. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे हळूहळू ओसरते. म्हणजे भाऊ तिन्ही वेळा चढणीच्या माथ्यापर्यंत पोचले होते, आणि समोर उतार आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. तरी माझे समाधान होईना, कारण तिन्ही वेळा शपथ सकाळीच मोडली होती. सकाळीच का, असे विचारले तर ते वहिनींकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे नेत.

वहिनी औषधाच्या खिडकीकडे गेल्या तेव्हा ते बोलले, तेही भिंतीकडे तोंड करून. ‘‘आता तुमाले कसं सांगू मॅडम, खर्रा टाकल्याबिगर मले सकाळी होतच नाही. तीन दिवस झाले का पोट दगडावानी होते. मंग वाटते, टाक बापा एक चिमूट.’’

जी गोष्ट तीन शपथांना, पत्नीच्या रागाला आणि चार क्विंटल कापसाच्या हिशेबाला हलली नव्हती, तिचे मूळ इथे होते. हा नुसता मनाचा समज नव्हता. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद झाले की काही जणांना काही दिवस बद्धकोष्ठाचा त्रास होतो. त्यात भाऊंचे तोंड भाजत असल्यामुळे ज्वारीची भाकर, भाज्या, शेंगा हे सगळे ताटातून गेले होते आणि मऊ भात तेवढा उरला होता. पाणीही ते कमी पीत, कारण तोंडात खर्रा असताना पाणी पिता येत नाही. या माणसाच्या मनाची ताकद कमी नव्हती. त्याची अडचण पोटाची होती आणि ती सांगायची लाज त्याला पोरीची शपथ मोडण्याच्या दुःखापेक्षाही जड झाली होती.

मग आम्ही शपथ बाजूला ठेवली आणि सकाळ हाती घेतली. रात्रीच उशाशी तांब्या भरून ठेवायचा आणि उठल्याबरोबर कोमट करून प्यायचा. हे काम वहिनींनी करू नये असा माझा आग्रह होता, कारण भाऊंची सुटका हे आणखी एक घरकाम होऊन वहिनींच्या अंगावर पडले असते. भाकर वरणात कुस्करून खायची, पालकाची किंवा अंबाडीची भाजी बिनतिखट शिजवून घ्यायची. वावरात जाताना फाट्यावरून, म्हणजे पानठेल्यासमोरून, न जाता पांदण रस्त्याने जायचे. पांदणीने पंधरा मिनिटे जास्त लागतात, तर लागू द्यावीत. तेवढे चालणे पोटालाही हवेच होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पोटासाठी थोड्या दिवसांचे औषध दिले. निकोटिनच्या गोळ्या आणि चघळायचा गम यांचाही विषय निघाला, पण तोंडाची ती अवस्था पाहून त्यांनी तूर्त नको म्हटले. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांत आपोआप उतरते, हे भाऊंना पटायला वेळ लागला. म्हणून तेवढा वेळ हाताला काम म्हणून खिशात बडीशेप आणि वावरात तुरीच्या ओल्या शेंगा सोलणे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही मी त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

सोडण्याचा दिवस मात्र मी सणाचा घेऊ दिला नाही. सणाला घरी पाहुणे असतात, गप्पांच्या बैठकीत पुडी हातोहात फिरते, आणि मोठ्या मुहूर्तावर सोडलेली गोष्ट मोडली की मोडणेही मोठे होते. त्यांनी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा साधा मंगळवार निवडला. बैलांच्या कोठ्याच्या भिंतीवर खडूने रोजची एक रेघ ओढायची, हे त्यांचे त्यांनीच काढले. संध्याकाळी जेवणानंतरची वेळ त्यांना फार जड जाई. गावात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची रीत अजून टिकून आहे, तिथे ते जाऊन बसू लागले. तोंडात खर्रा धरून प्रार्थना म्हणता येत नाही, हे त्यामागचे सरळ कारण त्यांनीच मला सांगितले.

वहिनींशी मी वेगळे बोलले. त्यांच्या सख्ख्या भावाचा जबडा नागपूरला ऑपरेशनमध्ये काढावा लागला होता आणि तरीही तो वाचला नव्हता. अशा बाईला ‘चिडू नका’ असे सांगणे म्हणजे तिच्या भीतीचा अपमान करणे होय. मी एवढेच म्हटले की त्या रोज नवऱ्याच्या शर्टाचा खिसा हुंगतात तेव्हा त्यांना नेमके काय वाटते, ते एकदा भाऊंना शब्दांत सांगावे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मले भाऊ दिसते माहा.’’ हे त्यांनी घरी सांगितले की नाही, मी विचारले नाही. खिसा हुंगणे थांबल्याचे भाऊंनी पुढे आपणहून सांगितले.

एकोणीस रेघा झाल्या आणि विसाव्या दिवशी सोयऱ्यांकडे तेरवी निघाली. मंडपात बसले असताना कोणीतरी घोटलेला खर्रा तळहातावर ठेवला आणि तो तोंडात गेला. घरी आल्यावर भाऊ कोठ्यात गेले आणि ओल्या हाताने सगळ्या रेघा पुसून टाकल्या. पुढच्या भेटीला त्यांनी सुरुवातच अशी केली, ‘‘गेलं मॅडम. पुन्हा एकापासून.’’

मी विचारले, ‘‘भाऊ, त्या एकोणीस दिवसांत तुम्ही खर्रा खाल्ला होता का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ते दिवस का पुसले?’’

यावर ते माझ्याकडे बघत राहिले. एकवीस दिवसांत सवय लागते आणि मध्ये खंड पडला की सगळे वाया जाते, असे मोबाइलवर फिरत असते आणि पुष्कळ चांगली माणसे त्यापायी खचतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे आढळले. कोणाला १८ दिवस पुरेसे वाटले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. तो अभ्यास पाणी पिणे, फळ खाणे, चालणे अशा सवयी लावण्याचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे, हे मी भाऊंना स्पष्ट सांगितले. खर्ऱ्याच्या बाबतीत एक चिमूट पुष्कळदा पुडीपर्यंत नेते, म्हणून तिला किरकोळ समजू नये. पण कोमट पाणी, पांदणीची वाट, बिनतिखट भाजी, प्रार्थनेतली बैठक या तर सवयी लावण्याच्याच गोष्टी होत्या, आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशीही त्या चारही जागच्या जागी होत्या. मोडला होता एक दिवस, आणि भाऊंनी आपल्या हाताने मोडले होते वीस.

निसटल्यानंतरच्या दिवसाविषयी मी इतके बोलते त्याला कारण आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी जे पुन्हा पूर्णपणे जुन्या वाटेला लागले, त्यांतले बहुतेक पहिल्या चिमटीने गेले नव्हते. ‘आता गेलंच आहे तर’ या दुसऱ्या दिवशीच्या विचाराने ते गेले. एरवी त्याच माणसांना बी दडपून गेले म्हणून वावर पडीत ठेवल्याचे मी पाहिलेले नाही. ती दुबार पेरणी करतात, कर्ज काढून करतात, आणि तेव्हा ‘माझ्यातच खोट’ म्हणत नाहीत.

भाऊंनी घरी जाऊन एकोणीस रेघा पुन्हा काढल्या. नंतर हातभर जागा मोकळी सोडली आणि पुढे विसावी रेघ ओढली. तेरवीला, लग्नाला जाताना खिशात बडीशेप न्यायची आणि बायका स्वयंपाकाला लागल्या आहेत तिथे जाऊन पत्रावळी मांडायला हात लावायचा, असे आम्ही आधीच ठरवून ठेवले. एप्रिलमधल्या दोन लग्नांपैकी एकात ते जमले, एकात जमले नाही.

मृगाच्या आधी ते शेवटचे आले तेव्हा बियाण्याच्या पिशव्या घेऊन परस्पर आले होते. तोंडात अजून दोनच बोटे जातात, तिसरे नखापर्यंत. दंतचिकित्सकांकडे दर महिन्याला जाणे चालू आहे. तिखट अजून झोंबते, पण भाकर आता न कुस्करता खाता येते. सकाळी उठल्यावर हात अजूनही आधी खिशाकडे जातो, आणि मग तांब्याकडे. भिंतीवर जागा पुरेना म्हणून रेघा आता दाराच्या चौकटीवर गेल्या आहेत, आणि मध्ये मोकळ्या जागा चार आहेत, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितले.