कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग त्याच्या वाऱ्यातून गॅमा किरण कसे येतात?

हे किरण कृष्णविवराच्या आतून येतच नाहीत. त्यात पडू पाहणारा वायू बाहेर चकतीसारखा फिरत प्रचंड तापतो आणि त्यातला काही भाग प्रकाशवेगाच्या साधारण दहाव्या हिश्शाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 30,000 किलोमीटर वेगाने, बाहेर फेकला जातो. हाच तो वारा. तो दीर्घिकेतल्या वायूवर आदळला की आघात-तरंग तयार होतात. त्यांत प्रोटॉन पुन्हापुन्हा ढकलले जाऊन अफाट ऊर्जा मिळवतात, वायूतल्या अणुकेंद्रकांवर आपटतात, त्यातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण जन्मतात आणि उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, पायॉन क्षणात विघटित होऊन गॅमा किरण देतो.

एकेका दीर्घिकेचा संकेत फारच क्षीण. म्हणून गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी 11 दीर्घिकांची निरीक्षणे एकत्र रचली आणि 2021 मध्ये तो सापडल्याचे जाहीर केले. मला ही युक्ती फार सुंदर वाटते!