वडिलांच्या लघवीच्या नळीचं इन्फेक्शन अँटिबायोटिक देऊनही परत परत का होतं? औषध का लागू पडत नाही?

तुम्ही लिहिलंय की बाबांना पॅरालिसिसनंतर चार महिने लघवीची नळी (कॅथेटर) आहे, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) तीनदा पॉझिटिव्ह आलं, दर वेळी कोर्स झाला आणि पंधरा दिवसांत परत तेच. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, असल्या कल्चरच्या प्लेटा रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून लॅबच्या बाजूनं सांगते. औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पहिल्यांदा एक विचारते, तिन्ही वेळा बाबांना ताप होता का? की नुसती लघवी गढूळ दिसली, वास आला म्हणून टेस्ट केली? कारण नळी घातल्यावर रोज साधारण 3 ते 7 टक्के पेशंटच्या लघवीत जंतू शिरतात, म्हणजे महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. चार महिन्यांच्या नळीतून सॅम्पल पाठवलं तर पॉझिटिव्ह येणारच, पस सेल्सही (पुवाच्या पेशी) दिसणार. ताप नाही, थंडी नाही, दुखत नाही तर सहसा औषध द्यायचं नसतं (गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल तर गोष्ट वेगळी). तरीही दिलं की साधे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, पुढच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे 'आर' 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) दिसायला लागतं आणि मग इंजेक्शनशिवाय काही उरत नाही. हे बघून मला खरंच जीव तुटल्यासारखं होतं, कारण त्यातले कितीतरी कोर्स टाळता आले असते.

आता औषध का लागू पडत नाही ते. पाण्याच्या रांजणाला आतून बुळबुळीत थर धरतो ना, कितीही पाणी ओता तो घासल्याशिवाय जात नाही, तसाच थर नळीच्या आत-बाहेर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए असा चिकट लगदा तयार करतात. तळातल्या जंतूंना अन्न-ऑक्सिजन कमी म्हणून ते जवळजवळ झोपूनच असतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच नीट चालतात. थरातल्या जंतूंना मारायला कधीकधी शंभर ते हजार पट जास्त औषध लागतं, तेवढं माणसाला देताच येत नाही. आणि आमची सेन्सिटिव्हिटी टेस्ट (कोणतं औषध चालेल ते बघायची) होते ती सुट्या, मोकळ्या जंतूंवर. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालणारं) असलेलं औषध लघवीतले जंतू मारतं, ताप उतरतो, कोर्स संपला की थरातून नवे जंतू बाहेर पडतात. रिपोर्ट चुकीचा नसतो, थराचं त्याला कळतच नाही.

प्रोटियस नावाचा एक जंतू तर फारच त्रास देतो, ब्लड अगारवर (जंतू वाढवायची रक्त मिसळलेली जेली) टाकला की सकाळी प्लेटभर लाटांसारखा पसरलेला असतो आणि झाकण उघडताच वास येतो. तो युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कलाइन होते आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमचे खडे थरात बसतात. अशी एक बंद पडलेली नळी आम्ही उभी कापून बघितली होती, आत पांढरा, खरखरीत, चुन्यासारखा थर आणि मधे टाचणी जाईल एवढीच वाट. बाबांची नळी सारखी ब्लॉक होत असेल तर रिपोर्टमध्ये प्रोटियसचं नाव आहे का बघा.

मग खऱ्या इन्फेक्शनला करायचं काय? थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणं, एकदम बरळायला लागणं असं झालं आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी नळी बदलायची, नव्या नळीतून कल्चर घ्यायचं आणि मग अँटिबायोटिक सुरू. अमेरिकेच्या इन्फेक्शन तज्ज्ञांच्या 2009 च्या गाइडलाइनमध्ये हेच आहे, आणि लवकर उतार पडला तर 7 दिवस, नाहीतर 10 ते 14 दिवस. जुनी नळी तशीच ठेवून सॅम्पल घेतलं तर थरातले जंतू उगवतात, मूत्राशयात काय चाललंय ते नीट कळत नाही. पिशवीतून तर सॅम्पल कधीच देऊ नका, आमच्याकडे अजूनही येतात तसे!! ताप जास्त असेल, बीपी उतरत असेल किंवा पोट फुगलंय आणि पिशवीत लघवीच येत नाहीये, तर घरी थांबू नका.

चांदीचा मुलामा दिलेल्या महागड्या नळीबद्दल विचारलंय तुम्ही. 2012 मध्ये ब्रिटनमधली सात हजारांवर पेशंटची ट्रायल छापून आली, थोड्या दिवसांच्या नळीसाठी, त्यात विशेष फायदा दिसला नाही. औषधाच्या पाण्यानं मूत्राशय रोज धुण्याचाही इन्फेक्शन टाळायला भरवसा नाही, उलट त्यासाठी नळी आणि पिशवीचा जोड उघडला की नवे जंतू आत जातात. पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता ठेवा, नळीला पीळ पडू देऊ नका, हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा, एवढंच नीट करा.

आणि युरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा की नळी अजून लागतेय का. पॅरालिसिसनंतर काही जणांची लघवी परत सुरू होते, नळी काढून ट्रायल घेता येते, नाहीच झाली तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढायची पद्धत घरच्यांना शिकवतात. मूत्राशय पूर्ण रिकामं होत असेल आणि फक्त कंट्रोल नसेल तर पुरुषांना कंडोम कॅथेटर (कंडोमसारखं बाहेरून बसवायचं, आत नळी जात नाही) चालतं. बाबा उठून बसतात का, लघवी लागल्याचं त्यांना कळतं का, हे लिहा, म्हणजे युरॉलॉजिस्टना नेमकं काय विचारायचं ते सांगते.