विंडोज 7 च्या जुन्या कॉम्प्युटरवर क्रोम सोडून काय वापरावं

दादा, नवी पेठेतल्या दुकानातला कॉम्प्युटर, विंडोज 7, रॅम 4 जीबी, क्रोम अपडेट होईना, बँकेची साइट "ब्राउझर जुना आहे" म्हणून आत सोडेना आणि तुम्हाला हलका ब्राउझर पाहिजे, बरोबर ना. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथं सेम केस होती म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे "हलका" डोक्यातनं काढा. ब्राउझर कुठलाही घ्या, आजकालच्या साइटच जड झाल्यात, रॅम त्या खातात. तुम्ही बघायचं ते एवढंच की विंडोज 7 वर सिक्युरिटी अपडेट कोण देतंय. क्रोमचं 109 हे विंडोज 7 साठीचं शेवटचं व्हर्जन, फेब्रुवारी 2023 मध्ये 110 आलं ते विंडोज 10 च्या खाली चालतच नाही, म्हणजे तुमचा क्रोम तेव्हापासून आहे तिथंच थांबलाय आणि त्यावरनं तुम्ही पेमेंट करताय, हे मला खरंच काळजीचं वाटतं.

माझं मत फायरफॉक्स ईएसआर 115. नेहमीचा फायरफॉक्स नाही, ईएसआर, म्हणजे जास्त काळ सिक्युरिटी अपडेट मिळत राहणारी त्याची वेगळी आवृत्ती. 2023 च्या जुलैमध्ये आला आणि विंडोज 7 वाल्यांसाठी मोझिलानं त्याची मुदत परत परत वाढवली. मोझिलाच्याच साइटवरून घ्या, भलत्या डाउनलोड साइटवरून नको. आणि पेनड्राइव्हमध्ये कुणाकडं जुना सेटअप पडलेला असतो तो तर टाकूच नका, कारण 115.13 च्या आधीच्या ईएसआरमध्ये एक सर्टिफिकेट 14 मार्च 2025 ला संपलंय, त्यात अॅड-ऑन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) बंद पडतात. टाकल्यावर लगेच यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा अॅड-ऑन घाला. जाहिराती लोड व्हायच्या थांबल्या की काकांच्या मशीनवर जो फरक पडला तो ब्राउझर बदलून पण पडला नव्हता.

सुपरमियम म्हणून एक आहे, नव्या क्रोमियमवर (क्रोम ज्यावर बनतो तो मूळ प्रोग्राम) बनवलेला आणि विंडोज 7 वर चालणारा. एखादी साइट फायरफॉक्समध्ये उघडलीच नाही तर तेवढ्यापुरता ठेवा, पण तो छोट्या टीमचा आहे, बँकेचा पासवर्ड मी त्यात टाकणार नाही.

क्रोम काढायच्या आधी पासवर्ड आणि बुकमार्क फायरफॉक्समध्ये इम्पोर्ट करून घ्या आणि चार-पाच साइटवर लॉगिन करून बघा, मगच काढा. मी घाईत आधी काढला आणि पार्टी लोकांच्या ऑर्डर ज्या मेलवर यायच्या त्याचाच पासवर्ड गेला, तो परत मिळवण्यात दोन दिवस गेले. पासवर्डची सीएसव्ही फाइल काढली तर काम झाल्यावर डिलीट करा, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं, दुकानात कुणी पण वाचेल.

आणि कॅबिनेट उघडून बघा, हे कुणी सांगत नाही. टॉवेलचा बारीक कापूस पंख्यात जाऊन बसतो, आमच्यात प्रोसेसरच्या पंख्यावर अक्षरशः गादी झाली होती. त्यात मे महिन्यात आपल्याकडं 40 च्या वर ऊन, मग प्रोसेसर तापला की आपोआप स्पीड कमी करतो आणि आपण ब्राउझरला शिव्या घालत बसतो. लाइट बंद करून, प्लग काढून ब्रशनं साफ करा.

पण फायरफॉक्सचा हा उपाय कायमचा नाही, विंडोज 7 चाच सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपलाय, त्यामुळं बँकेचं काम आत्तापासूनच मोबाइलच्या अॅपवर न्या. पुढं एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, 4 जीबीत चांगली चालते आणि ब्राउझर कायम नवा राहतो. फक्त जीएसटीला डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते लिनक्सवर चालतंय का ते तुमच्या सीएला विचारल्याशिवाय विंडोज काढू नका.

मिंट 20 पासून फक्त 64-बिट येतं, तर कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं 32 लिहिलंय का 64 आणि प्रोसेसर कुठला तेवढं सांगा, मग पुढचं बघू.