सर्जरीच्या रेसिडेंटला ओपीडीत बसून काय शिकायला मिळतं?

तुमचा मुलगा सरकारी कॉलेजात एमएस जनरल सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे, ओपीडीच्या दिवशी केस पेपर लिहून थकून येतो, आणि तोच वेळ ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, गेला तर बरं नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी सर्जन आहे, रेसिडेंटना शिकवतो. माझ्या मते ओपीडी त्याला तितकीच हवी.

पेशंट टेबलावर येतो तोवर मुख्य निर्णय होऊन गेलेला असतो. ऑपरेशन करायचं का, कोणतं, कधी, हे बहुतेक वेळा ओपीडीत ठरतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले म्हणून घाबरून आलेल्या, पण पोट कधीच न दुखलेल्या माणसाला सहसा ऑपरेशन लागत नाही. हे त्याला नीट पटवून घरी पाठवणं ओटीत कोण शिकवणार?

दुसरं उदाहरण मूळव्याधीचं. शौचातून रक्त पडलं की लोक स्वतःच निदान करून येतात, 'डॉक्टर, मूळव्याध आहे, मलम द्या.' खूप दुखत असेल तर बऱ्याचदा ती फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असते. नुसतं बघूनही चीर दिसते, तेव्हा बोट घालून त्याला आणखी छळायचं नाही. पण रक्त पडतंय, दुखत नाही, शौच साफ झाल्यासारखं वाटत नाही, वजन उतरलंय, अशा पेशंटची पीआर, म्हणजे गुदद्वारात बोट घालून करायची तपासणी केल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. बोटाला कडक, खडबडीत गाठ लागली आणि ग्लोव्हला रक्त आलं, तर तो गुदाशयाचा कर्करोग असू शकतो, आणि महिनोन् महिने मलमावर काढलेले पेशंट आम्ही पाहतो. नॉर्मल काय लागतं हे बोटाला पक्कं माहीत असल्याशिवाय ती गाठ ओळखता येत नाही. हर्नियाचंही तसंच. पेशंटला उभं करून खोकायला लावलं की फुगवटा हाताला जाणवतो. टेबलावर आडवा झाला की तो बऱ्याचदा आत गेलेला असतो.

फॉलोअपकडे तर रेसिडेंटचं लक्षच नसतं, आणि मला त्याचंच सर्वात वाईट वाटतं. जखमेतला पू बऱ्याचदा डिस्चार्जनंतर दिसतो. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जाळी बसवलेल्या काही पेशंटची जांघ महिनोन् महिने दुखत राहते. आपण घातलेल्या टाक्यांचं पुढे काय झालं, हे पाहिलंच नाही तर हात सुधारणार कसा?

मात्र नुसते केस पेपर लिहिणं म्हणजे शिक्षण नव्हे, ही तुमची तक्रार खरी आहे. गर्दीत सिनिअरला वेळ नसतो. मुलाला सांगा, ओपीडीत दोनच पेशंट निवड, स्वतः तपास, निदान आधी लिहून ठेव आणि मग सरांना दाखव. युनिटचा ओटीचा दिवस आला की त्याच पेशंटच्या ऑपरेशनला हात धुवून मदतीला उभा राहा, आणि बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः जाऊन आण.